जुनी पिकअप दारात उभी आहे? वेल्डिंगच्या आधी आरसी बुक उघडा

नव्या पिकअपचे हप्ते आज छोट्या व्यापाऱ्याला पेलवत नाहीत. त्यामुळे दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी बाजारातून उचलायची आणि आपल्या धंद्याला जुळेल अशी करून घ्यायची, हा मार्ग आमच्या बागवान, तांबोळी, आत्तार, फर्निचरवाले आणि भंगारवाले बंधूंनी कधीच पत्करला आहे. टाटा २०७ असो, बोलेरो पिकअप असो किंवा २००५ साली बाजारात आलेला टाटा एस, ज्याला सारे छोटा हत्ती म्हणतात, तो असो; हौदा बदलणे, फाळका नवा करणे, जाळी चढवणे, रंग मारणे, ही कामे गल्लीत, दारात, परड्यात चाललेली आपण रोज पाहतो. त्यात काही वावगे नाही. गाडी नीट झाली तर चार-पाच वर्षांची रोजीरोटी तिच्यावर निघते. पण याच कामात पैसा कसा बुडतो आणि अपघातानंतर विमा कंपनी कशी हात वर करते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून या पानावर आम्ही आज हा विषय थोडा खोलात जाऊन मांडत आहोत.

अशा कामाला कोल्हापूरइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. शिवाजी उद्यमनगर, पांजरपोळ, वाय. पी. पोवारनगर या भागांत लेथवाला, कमानपाटे ठोकणारा, रेडिएटर झाळणारा, कुशनवाला, नंबरप्लेटवाला हे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मोटारींचे ओतीव भाग तयार होतात. एखादा ब्रॅकेट बाजारात मिळाला नाही तर मेस्त्री तो बनवून देतो. गाडी आपल्या मनासारखी घडवून घेण्याची हौसही येथे जुनीच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार आजही शाही दसऱ्याला दसरा चौकात आणली जाते आणि तिच्याभोवती गर्दी होते. त्याच चौकात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेल्या मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. डेंटिंग, पेंटिंग, कुशन आणि वेल्डिंग या धंद्यांत आमच्या समाजाचे हात मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा हा विषय गाडीमालकाइतकाच कारागिराचाही आहे.

आधी कायद्याचे बोलू, कारण घोळ तेथूनच सुरू होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील आणि कंपनीने मुळात दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगीने एखादा बदल केला तरी १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच बजावले : कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करून गाडी नोंदवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे त्यात म्हटले आहे. ‘प्रत्येक बदलाला’ हे शब्द लक्षात ठेवावेत. एकाच गाडीत तीन बदल सापडले तर हिशेब तिप्पट होतो.

याचा अर्थ गाडीला हात लावू नये असा नव्हे. गंजलेला पत्रा काढून त्याच मापाचा नवा बसवणे, हौद्याचे तळ बदलणे, फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या करणे, सीट शिवून घेणे, वायरिंग नवे ओढणे, ही दुरुस्ती होय. रंग बदलायचा असेल तर नोंदणी पुस्तकात रंग लिहिलेला असतो, म्हणून रीतसर अर्ज करून तो बदलून घ्यावा. परंतु चासी लांबवणे, हौदा मागे दोन फूट वाढवणे, मूळ उंचीपेक्षा गाडी उचलणे, दुसऱ्याच जातीचे इंजिन टाकणे, मालवाहू गाडीत बाके टाकून माणसे बसवणे, ही कामे दुरुस्तीत बसत नाहीत. पुढे जाड लोखंडी पाइपचे बंपर लावण्याची जी हौस आहे, त्या ‘बुल बार’ना केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कलम ५२ चा भंग ठरवून कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्राने २०१५ साली बंदी घातली. तेवढी जागा आता नावाला किंवा दुकानाच्या फोन नंबरला मोकळी झाली, असे एखादा पेंटर हसत म्हणेल, तर त्यात चूक नाही.

एका अफवेचाही येथे समाचार घ्यावयास हवा. ‘पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगारात’ असे अनेकांच्या तोंडी आहे आणि दलाल त्याचा फायदा घेऊन चांगली गाडी कवडीमोलाने उचलतात. डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षे हा कडक नियम निघाला तो दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी. एमएच-०९ पासिंगच्या गाडीला तो लागू नाही. आपल्याकडे मालवाहू गाडीचे फिटनेस पहिल्या आठ वर्षांत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली, हे खरे. म्हणून चौदाव्या वर्षात असलेली गाडी घेताना ही वाढीव फी किमतीतून वजा करूनच बोली लावावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली आहे काय, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता लोखंडाकडे वळू.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडू नये. हौदा रिकामा करावा, गाडी जॅकवर घेऊन खाली मजबूत लाकडी ठोकळे लावावेत (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ) आणि तारेच्या ब्रशने चासी घासून काढावी. गंज कोठे बसतो ते ठरलेले असते : मागच्या आडव्या क्रॉस मेंबरमध्ये, कमानपाट्याच्या ब्रॅकेटजवळ, आणि चासी व हौदा यांच्यामध्ये जे लाकडी किंवा रबरी पॅकिंग असते त्याच्या खाली. लाकूड पाणी धरून ठेवते आणि वरून काही दिसत नाही. गगनबावडा, आंबा किंवा फोंडा घाट उतरून कोकणात माल नेणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण तेथील पावसाचे पाणी आणि समुद्राकडची खारी हवा दोन्ही लोखंडाला खातात. छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर ती गाडी सजवण्याच्या लायकीची राहिलेली नाही, मग तिचे इंजिन कितीही गोड वाजो.

चासीवरील नंबर कोठे ठोकला आहे तो शोधून त्यावर ग्रीस लावून कापड बांधून ठेवावे. ग्राइंडर फिरवताना हा नंबर पुसला गेला तर धड गाडीही कागदावर संशयास्पद ठरते, आणि मग मालकाला ‘चोरीची नव्हे’ हे सिद्ध करीत फिरावे लागते. कारागिराने गाडी ताब्यात घेतानाच हा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. त्यात त्याचाही बचाव आहे.

चासीच्या वेल्डिंगबाबत आमचे मत स्पष्ट आहे : टाळता येईल तेवढे टाळावे. चासीची पट्टी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची असते. तिचा उभा भाग आणि वर-खालच्या आडव्या कडा यांपैकी सर्वांत जास्त ताण कडांवर येतो. तेथे भोक पाडले किंवा वेल्डिंगचा टाका दिला तर तडा तेथूनच जातो, आणि तो जातो भरल्या गाडीत, घाटात. हौदा चासीला यू बोल्टने आवळावा. ब्रॅकेट लावायचाच झाला तर उभ्या भागात, नटबोल्टने. कमानपाट्याला तर वेल्डिंग किंवा ड्रिल कधीच लावू नये. पाटा पाणी देऊन घडवलेला असतो. उष्णता लागली की ते पाणी उतरते आणि पाटा कोठे मोडेल याचा नेम राहत नाही. हौद्याचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, अल्टरनेटरचे कनेक्शन सोडावे, डिझेल टाकी जवळ असेल तर खाली उतरवून लांब ठेवावी. शेजारी पाण्याची बादली नि वाळूची घमेली हवीच. गल्लीत लहान मुले खेळत असतात, म्हणून वेल्डिंगच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करावा. त्या उजेडाकडे पाहिल्याने डोळे येतात, हे मुलांना कोण सांगणार?

‘आणखी एक पाटा वाढवला की टनभर माल जास्त बसतो,’ असे सर्रास ऐकू येते. पाटा वाढवल्याने पासिंग वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून मालकाला अंदाज येत नाही. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर गाडी किती दबली त्यावर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. पाटा वाढवून गाडी उंच ठेवली की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. उताराला याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. जादा वजनाचा दंडही २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा आहे. पाटे थकले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदम, मूळ मापाचे बदलावेत. बुश, शॅकल आणि सेंटर बोल्टही त्याच वेळी.

खरा धंद्याचा हिशेब आहे तो वजनाचा, आणि आमच्या पाहण्यात बहुतेक लोक तोच करीत नाहीत. आरसी बुकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि एकूण भारित वजन. दोहोंतील फरक म्हणजे आपला माल. हौद्यात आपण जे लोखंड घालतो, ते या मालातून वजा होते. लोखंड कायमचा प्रवासी आहे आणि तो भाडे देत नाही.

समजा हौदा ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलो. तळाला असा पत्रा टाकला तर तो सुमारे ८७ किलो भरतो. २ मिलिमीटरचा, म्हणजे १४ गेजचा पत्रा टाकून खाली आडव्या पट्ट्या थोड्या जवळ घेतल्या तर ५८ किलो. जाळीचेही तसेच. ४०-४० चा ५ मिलिमीटर अँगल मीटरला ३ किलो भरतो, तर २५ मिलिमीटरचा २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप दीड किलोच्याही आत. ३० मीटर लांबीच्या कामात अँगलचे ९० किलो होतात, पाइपचे ४३. तळ आणि जाळी मिळून पाऊणशे किलोंचा फरक येथेच पडला. ‘भक्कम पाहिजे’ म्हणून अँगलवर अँगल जोडत गेले की दीडशे किलो कसे वाढतात ते कळतही नाही. टोमॅटोचा एक क्रेट साधारण २० ते २५ किलोंचा धरला तर दीडशे किलो म्हणजे सहा-सात क्रेट. वर्षाला २५० फेऱ्या होत असतील तर दीड हजारांवर क्रेट आपण लोखंडाच्या हौसेपायी बाजारातच सोडून आलो. भंगार, फरशी, लोखंडी सामान नेणाऱ्याला जाड तळ लागतो, हे कबूल. पण फळे, भाजी, बेकरीचा माल, गाद्या नेणाऱ्याने जाड पत्रा घालणे म्हणजे स्वतःच्या नफ्यावर ओझे ठेवणे.

फळ-भाजीवाल्या बंधूंसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. तळाला मागच्या बाजूस थोडा उतार आणि दोन भोके ठेवावीत, म्हणजे माल धुतलेले पाणी साचणार नाही. तळावर लाकडी पट्ट्यांचे सुटे चौकट ठेवले तर खालून हवा खेळते आणि पत्रा तापला तरी क्रेट शेकत नाही. मध्ये दुसरा मजला करावयाचा असेल तर तो नटबोल्टने काढता येईल असा करावा आणि जड माल नेहमी खाली ठेवावा. वरचा मजला भरून खालचा रिकामा ठेवून वळणावर गेलेली गाडी कलते, त्याला पाटे जबाबदार नसतात.

शेळ्या-मेंढ्या वाहणाऱ्यांनी मात्र जाळी ठोकण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम समजून घ्यावा. त्यात प्रत्येक शेळी-मेंढीला किमान ०.३ चौरस मीटर जागा आणि हौद्यात कायमचे कप्पे हवेत असे म्हटले आहे. वरच्याच हौद्याचा हिशेब केला तर बारा जनावरे होतात, पंचवीस नव्हेत. शिवाय जनावरांसाठी परवाना घेतलेल्या गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. म्हणून ‘बकरी ईदेपर्यंत बकरी, नंतर भाजी’ असा बेत करून हौदा बनवणाऱ्याने आधीच विचार करावा.

रंगाच्या कामात घाई ही एकमेव शत्रू आहे. गंज घासून उघडे झालेले लोखंड रात्रभर तसेच ठेवले की सकाळी त्यावर पुन्हा तांबूस थर येतो. म्हणून जेवढे घासाल तेवढ्यावर त्याच दिवशी रेडऑक्साइड मारावे. लांबी पातळ थरांत भरावी. खड्ड्यात एकदम अर्धा इंच लांबी थापली तर ती पहिल्या पावसाळ्यात पोपडा होऊन पडते. एवढा खोल खड्डा पत्रा ठोकूनच वर काढायचा असतो, आणि डेंटरची मजुरी वाचवण्याचा हा मार्ग नव्हे. पाणीपेपर आधी २२०, मग ४००, शेवटी ६०० असा चढवावा. पावसाच्या दिवसांत उघड्यावर स्प्रे करू नये. हवेतील दमटपणाने रंगावर पांढरी झाक येते. दारात काम करणाऱ्याने शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी आधी पाहावीत, इतके सांगून हा विषय सोडतो.

वायरिंग ही जुन्या गाडीची सर्वांत धोक्याची बाजू. ६० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १० अँपिअर. ‘उजेड कमी पडतो’ म्हणून १०० वॉटचे दिवे टाकले की तीच जुनी, कडक झालेली वायर जवळजवळ १७ अँपिअर ओढू लागते. होल्डर वितळतो, स्विच जळतो, आणि कधी गाडीच. बहुतेक वेळा उजेड कमी असण्याचे कारण वेगळेच असते : अर्थची वायर गंजलेली, रिफ्लेक्टर काळवंडलेला. अर्थिंग साफ करून, रिले लावून, मूळ वॉटचेच दिवे ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. साउंड सिस्टिम, मागचा दिवा, मोबाइल चार्जर, जे काही नवे जोडाल त्याला स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा मेस्त्री स्वस्त वाटतो, पण तो गाडीच्या मालकाला महाग पडतो. चमकपट्टीचा रंगही आपल्या आवडीचा नसतो : पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी.

विम्याविषयी दोन शब्द, कारण खरे नुकसान येथे होते. गाडीत केलेला बदल आरसीत नोंदला नसेल आणि विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर सर्वेक्षक प्रथम तोच शोधतो. कंपनीला तक्रारीचे एक कारण आपण स्वतः तयार करून दिलेले असते. त्याहून गंभीर बाब मालवाहू गाडीत माणसे बसवण्याची. लग्नाचे वऱ्हाड, मजुरांची टोळी, उरुसाला जाणारे नातेवाईक, ‘आपलीच गाडी आहे’ म्हणून हौद्यात चढतात. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात निकाल दिला की मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. म्हणजे ती रक्कम मालकाच्या घरादारावर येऊ शकते. हौद्यात बाके ठोकून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कारागिराने सरळ नकार द्यावा, असे आम्हांस वाटते. एक काम गेले तरी चालेल.

कारागीर बंधूंसाठी आणखी एक. नव्या ट्रकच्या बॉडीला आता एआयएस-०९३ ही संहिता आहे, आणि छोट्या पिकअप तर कंपनीतूनच तयार हौद्यासह येतात. नवीन बॉडी बांधण्याचे काम छोट्या वर्कशॉपच्या हातून निसटत चालले आहे, ही वस्तुस्थिती आहे. उरते ते जुन्या गाडीचे काम, आणि त्यात विश्वासाला किंमत आहे. काम घेताना कागदावर लिहावे : कोणता पत्रा, किती गेज, कोणता रंग, किती दिवस, किती आगाऊ. काढलेले जुने लोखंड कोणाचे, हेही लिहावे, कारण भांडण बहुधा त्यावरूनच होते. रोजची दोन छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवली तर गिऱ्हाईकही निश्चिंत आणि आपणही. मालकाने आपल्या बाजूने एवढेच करावे : खर्च महिन्यांत मोडून पाहावा. ६०,००० रुपये घातले आणि गाडी चार वर्षे चालणार असेल तर महिन्याला १,२५० रुपये झाले. दोनच वर्षे चालणार असेल तर अडीच हजार. भाड्याच्या टेम्पोवर जाणारा पैसा शेजारी मांडला की हौस किती आणि गरज किती, हे कागदावरच दिसते.

काम पुरे झाल्यावर गाडी प्रथम वजनकाट्यावर रिकामी नेऊन वजन करून घ्यावी आणि पावती आरसीबरोबर ठेवावी. पहिली फेरी अर्ध्या मालाची, सपाट रस्त्याने करावी; सांगली किंवा इचलकरंजीपर्यंत पुरे. परत आल्यावर चाकांच्या कपांना हात लावून पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापले असेल तर तेथे ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट आणि हौद्याचे सर्व नट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पॅकिंग दबले की ते हमखास ढिले होतात. त्यानंतरच पूर्ण माल भरून करूळ घाटाचे नाव काढावे.